हँडल पूर्ण डावीकडे

रविवार, ४ जानेवारी

घुम्या,

पत्ता मावशीने दिला. देण्याआधी तिने मला तीनदा शपथ घातली की मी तो दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, आणि मग विचारलं, "तुला कशाला हवाय आता?" त्या 'आता'वर तिने चांगला जोर दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाली, तो मिळायचा नाही, पत्र लिही, वाचायचं की फाडायचं ते त्याचं तो ठरवेल. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, लागेल तिथे अंदाजाने वाच.

सात वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं, असा धसका घेऊ नकोस. अप्पा आहेत. डावा गुडघा तसाच, वाकायचं नाव नाही. पायऱ्या उतरताना भिंतीला धरतात आणि भिंतीलाच शिव्या देतात. एक गोळी वाढली आहे आणि बोलणं कमी झालंय, एवढाच फरक. तुझं नाव निघत नाही. कुणी काढलं तर ते उठून आत जातात, आणि त्यांना उठायला किती वेळ लागतो ते बघता आता कुणी काढतही नाही.

लिहायचं कारण तुझी मोटरसायकल. तू सोडून गेलास तेव्हापासून ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मागच्या महिन्यात अप्पा जेवताना एकदम म्हणाले, "ती गाडी मला चालवता येईल अशी करून दे." मला वाटलं चेष्टा चाललीये. म्हटलं, डावा पाय चालत नाही, गिअर कशाने टाकणार? तर म्हणाले, "मेकॅनिक तू आहेस की मी?" एकोणतीस वर्षं बस चालवलेला माणूस सात वर्षं खिडकीतून रिक्षा मोजतो आहे. नाही म्हणवेना.

तर तिला आधाराची चाकं लावायची आहेत. मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक, म्हणजे थांबल्यावर पाय टेकायला नको. गिअर हाताने. डावा पाय सरळ पुढे ठेवता येईल असा फुटरेस्ट. रोज कामावरून आल्यावर तासभर आणि रविवारी पूर्ण दिवस, असं मी धरलंय. मी अजून त्याच कपड्याच्या कारखान्यात आहे. एकशे चाळीस शिलाई मशीन आणि त्यांना बघणारी मी एकटी. त्यातली रोज दहा तरी रुसलेली असतात. घरी येईपर्यंत माझ्यात जीव राहत नाही आणि घरी आता ही अकरावी.

गाडी कागदोपत्री तुझी आहे, म्हणून विचारणं भाग आहे. हात लावू ना?

त्या दिवसाबद्दल मी काही उकरून काढत नाहीये. गल्लीच्या तोंडाशी वळताना तुझ्याकडून रेस जास्त दिली गेली, गाडी कोपऱ्यावरच्या खांबावर गेली, मध्ये अप्पांचा पाय आला. झालं ते झालं. माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. जाताना तू दारात म्हणाला होतास, "ताई, माझ्या हातानेच झालं." तेही मी कधी कुणापाशी बोलले नाही.

असो. उत्तर दे.

तुझी,
ताई

रविवार, १८ जानेवारी

घुम्या,

तुझं उत्तर नाही. तुझं नाव आम्ही उगाच घुम्या ठेवलं नव्हतं. गप्प बसलास म्हणजे हो, असं धरून मी ताडपत्री काढली.

अवस्था काय सांगू. टाकीत गंज, टायर भेगाळलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. इंजिन मात्र ठीक आहे. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलला आणि बाविसाव्या किकेला गाडी बोलली. अप्पा खिडकीत होते. त्यांनी नुसती मान हलवली. तेवढ्यावर मला दोन दिवस हुरूप होता.

मागच्या चाकांची चौकट वेल्डरकडून करून घेतली. हा आमच्या कारखान्याची कपाटं जोडतो तोच. त्याला चौकटीचं चित्र काढून दिलं तर उलटंसुलटं धरून बघत म्हणाला, "बाई, ही गाडी आहे की पलंग?" पण जोड पक्का घातलाय. चाकं एका जुन्या स्कूटरची मिळाली.

गिअरने मात्र नाकी नऊ आणले. मी आधी दांडा डावीकडून वर टाकीपाशी आणला. एक अख्खा रविवार त्यात घातला, दांडा घासला, रंगवला, वर मूठसुद्धा बसवली. अप्पांना बसवून म्हटलं, टाका गिअर. त्यांनी डाव्या हाताने क्लच दाबला आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आता गिअर कुठल्या हाताने टाकू? तिसरा आणलायस का?" एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. क्लचही डावा, गिअरही डावा. मी तिथेच फरशीवर बसले. त्यांना हसू आलं, मला रडू आलं, आणि मग दोघांचंही उलट झालं. आता इंजिनाखालून आडवी सळई घालून दांडा उजव्या बाजूला आणलाय. गिअर बदलताना रेस सोडावीच लागते, मग तोच हात तेवढ्यात दांड्यावर जातो. चालतंय.

राहता राहिलं हँडल. पाय पुढे पसरायचा तर अप्पांना मागे सरकून बसावं लागतं, आणि मग त्यांचे हात हँडलपर्यंत पोचत नाहीत. उंच, मागे वळलेलं हँडल लागणार. तुला हवं होतं तसं. आणायला गेले तर स्पेअरपार्टवाला सवयीने बोलत सुटला. "ताई, उंच हँडल नेताय तर रेसची केबलही लांब घेऊन जा. लोक हँडल बदलतात आणि केबल जुनीच ठेवतात. मग हँडल पूर्ण वळलं की..." मी म्हटलं, मला माहीत आहे. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण दुकानातले दोघे वळून बघायला लागले.

हँडल घेतलं. केबलही घेतली. दोन्ही अजून पिशवीत आहेत. बसवायचा मुहूर्त लागत नाहीये, दमायला होतं.

तुझी,
ताई

रविवार, १ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं उत्तर मिळालं. सात वर्षांनी चार ओळी. मी त्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, मशीनखाली तेलाचा डबा ठेवतो तिथे उकिडवी बसून वाचल्या. "गाडी विकून टाक. अप्पांना तिच्यावर बसवू नकोस. मी आता सायकलसुद्धा चालवत नाही, माझ्या हातांचा मला भरवसा नाही. परत लिहू नकोस."

मावशीला मी फोन केला आणि ते हातांच्या भरवशाचं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुला आत्ता कळलं? मग तिने पाढाच वाचला. तू गोदामात माल मोजायचं काम करतोस. ढकलगाडी चालवायला सांगितली तरी दुसऱ्याला पुढे करतोस. मुकादमाची जागा चालून आली होती, पण त्यात मालाची छोटी गाडी चालवावी लागते म्हणून नको म्हणालास. एक स्थळ आलं होतं. मुलगी चांगली, दोघांना पसंत. तिच्या वडिलांना तू पहिल्याच भेटीत सांगितलंस की मी माझ्या बापाला अधू केलंय. मावशी म्हणाली, "असं कोण सांगतं गं? पण त्याला वाटतं, न सांगणं म्हणजे फसवणूक."

हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. परवा एका मशीनला सुई उलटी बसवली. ऑपरेटर होते तेव्हापासूनच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा. ऑपरेटर पोरगी म्हणाली, "बाई, बरं वाटत नाही का?" मी तिच्यावर खेकसले.

मी तुला सांगणार होते की गाडी अशी विकू नये, अप्पांचा जीव तिच्यात अडकलाय, वगैरे. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा कागद चुरगाळला. मला खरं सांगायचंय ते हे नाही. पण आज हात चालत नाही. एवढंच लिहिते की तुझ्या हातांत काही खोट नाही. माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

ताई

रविवार, ८ फेब्रुवारी

घुम्या,

आता गोल गोल लिहीत नाही. हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

तो अपघात तुझ्या हाताने झाला नाही. माझ्या हाताने झाला.

तू ते उंच हँडल भंगारातून घेऊन आलास तो शनिवार आठव. मी कामावरून आलेली, पाय सुजलेले, आणि तू मागे लागलास, ताई आजच बसव, आजच बसव. मी अर्ध्या तासात बसवलं. तेव्हा तू पाना धरून उभा होतास आणि म्हणालास, "ताई, केबल ताणल्यासारखी वाटते. लांब नको का?" मी हसले. म्हटलं, "तू गाडी चालव. गाडी मला शिकवू नकोस." तुला हे आठवतं का, मला माहीत नाही. मला शब्दन् शब्द आठवतो. लांब केबल त्या दिवशी दुकानात मिळालीही असती. मला परत बाहेर पडायचा कंटाळा आला होता, आणि त्याहून जास्त म्हणजे मला नुकतीच मेकॅनिकची जागा मिळाली होती. कारखान्यातली पहिली बाई मेकॅनिक. अप्पा डेपोत सगळ्यांना सांगत फिरत होते. मला कुणी विचारलेलं खपत नव्हतं.

केबल आखूड असली की काय होतं ते तुला स्पष्ट लिहिते, कारण तू सात वर्षं भलतंच समजतो आहेस. हँडल सरळ असेपर्यंत काही कळत नाही. पण ते पूर्ण डावीकडे फिरवलं की केबल ओढली जाते आणि गाडी आपोआप रेस घेते. मूठ पिळायची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू अप्पांची रात्रपाळी संपल्यावर त्यांना आणायला गेलास. निघताना गाडी नेहमीप्रमाणे बंद ठेवूनच, हाताने ढकलत गल्लीबाहेर नेलीस. डेपोपर्यंत रस्ता सरळ, डेपोचं आवार मोठं. हँडल पूर्ण वळवायची वेळ पहिल्यांदा आली ती येताना, आपल्या गल्लीच्या तोंडाशी, मागे अप्पा बसलेले असताना. तू डावीकडे वळवलंस आणि गाडी तुला न विचारता उधळली. सगळ्या गल्लीने तो आवाज ऐकला. सगळे म्हणाले, पोराने मस्ती केली. अप्पाही तेच म्हणाले, माझ्या कानाशी रेस दिली त्याने. तूही तेच म्हणालास, कारण आवाज तर झाला होता आणि मूठ तुझ्याच हातात होती.

आता याहून वाईट लिहायचं आहे.

मला हे कधी कळलं? नवव्या दिवशी. अप्पा दवाखान्यात होते. गाडी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दुकानामागे उभी करून ठेवली होती, ती मी घरी आणली. अंगणात चालू करून बघितली. चालू झाली. सहज हँडल डावीकडे फिरवलं आणि ती ओरडली. मूठ मी धरलेलीच नव्हती. उजवीकडे फिरवलं, गप्प. परत डावीकडे. परत ओरडली. असं मी तीनदा केलं. तू आत अप्पांचे दवाखान्यातले कपडे धूत होतास. तो आवाज ऐकून तसाच ओल्या हातांनी दारात आलास. तोंड पांढरं पडलं होतं. म्हणालास, "बंद कर ना, ताई." तुला वाटलं असेल, मी तुला तो आवाज मुद्दाम ऐकवते आहे.

तू पाच पावलांवर उभा होतास. मला फक्त म्हणायचं होतं, इकडे ये, हे बघ. मी गाडी बंद केली आणि म्हटलं, "जा, कपडे वाळत घाल."

त्याच दुपारी मी उंच हँडल काढून भंगारात दिलं आणि जुनं परत बसवलं. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते की वाकलं होतं. कुणी विचारलं नाही. त्यानंतर तू अकरा दिवस घरात होतास. अप्पा घरी आले, तुला म्हणाले, माझ्यासमोर उभा राहू नकोस, आणि मी स्वयंपाकघरात मूग गिळून बसले. तू निघालास तेव्हा दारात ते वाक्य म्हणालास आणि मी तुझ्या पाठीवर हात फिरवला. मी! तुझी समजूत घालत होते मी. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

सबबी माझ्यापाशी आहेत, सात वर्षांत बऱ्याच जमवल्या. आई नव्हती. अप्पांची नोकरी गेली होती. घर माझ्या पगारावर होतं, आणि अप्पांना उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला मीच होते. त्यांना माझा तिटकारा आला असता तर त्यांनी कुणाकडून करून घेतलं असतं? तू तरुण आहेस, चार दिवसांनी सावरशील, असं मी स्वतःला सांगितलं. पहिल्या पत्रात मी लिहिलंय बघ, माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. जणू मी तुला माफच केलं. ते वाक्य लिहून मी पाकीट चिकटवलं आणि शांत झोपले. इतकी मी निर्ढावले होते.

तुझ्या त्या चार ओळी आल्या नसत्या तर मी हे आताही सांगितलं नसतं. नवी केबल घातली असती, अप्पांना गाडीवर बसवलं असतं आणि वर शाबासकी घेतली असती.

माफी मागत नाही. तू द्यायची ठरवलीस तरी मी ती कुठे ठेवू? फक्त एवढं कर. बाहेर जा आणि कुणाची तरी सायकल चालव.

ताई

रविवार, २२ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं कार्ड आलं. मला वाटलं होतं, शिव्या असतील. एकच ओळ. "अप्पांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं म्हणजे निम्मं ओझं उतरलं, बाकीचं हळूहळू, असा माझा हिशोब होता. त्या ओळीपुढे तो टिकला नाही. तरी पाच दिवस घेतलेच. कार्ड पर्समध्ये घेऊन फिरत होते. कारखान्यातून घरी येताना ठरवायचे, आज सांगायचं. दार उघडलं की अप्पा विचारायचे, "गाडी कुठवर आली?" आणि मी पाना घेऊन अंगणात पळायचे. त्यामुळे गाडी मात्र झटपट पूर्ण झाली.

आज सकाळी त्यांना पहिल्यांदा बसवलं. त्यांनी दाढी केली होती. ड्रायव्हरचा जुना खाकी शर्ट घातला होता, तो आता पोटावर बसत नाही. डावा पाय पुढे फुटरेस्टवर ठेवला, पाठ ताठ केली. मी किल्ली पुढे केली तर म्हणाले, "थांब." आणि त्यांनी काय केलं माहितीये? हँडल सावकाश पूर्ण डावीकडे फिरवलं, थांबले. पूर्ण उजवीकडे फिरवलं, थांबले. मग मला किक मारायला सांगितली, आणि इंजिन चालू झाल्यावर पुन्हा तसंच, मूठ सोडून, कान देऊन. म्हणाले, "बस डेपोतून काढायच्या आधी रोज करायचो. कुठे अडकत नाही ना, काही ओढत नाही ना." अपघाताच्या सकाळी ते मागे बसले होते, हँडल त्यांच्या हातात नव्हतं.

गाडी एका लयीत चालू होती, जराही आवाज बदलला नाही. त्यांनी खाली वाकून बघितलं. "केबल नवी घातलीस?"

"हो. लांबची आहे."

"लांबची का?"

आता इथे मी म्हणू शकत होते की उंच हँडलला तीच लागते. खोटं नव्हतं ते. ते मान हलवून पुढे गेले असते. पण मी इंजिन बंद केलं आणि सांगितलं. सगळं. तू केबलबद्दल विचारलं होतंस तेही, नववा दिवसही. त्यांच्याकडे न बघता सांगितलं, मागच्या चाकाकडे बघत, त्या वेल्डरच्या जोडाकडे बघत.

त्यांनी हँडल सरळ केलं. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणाले, "म्हणजे सात वर्षं मी भलत्याच पोराशी बोललो नाही."

मी म्हटलं, "अप्पा, मला..."

"तू गप्प बस. तुला गप्प बसता येतं."

त्यांना उतरवायला मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. एकटे उतरले. त्याला किती वेळ लागला आणि दोनदा कसा तोल गेला ते मी लिहीत नाही. मी तिथे उभी होते आणि मला हात लावायची परवानगी नव्हती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. सांगितलं.

ताई

बुधवार, ४ मार्च

घुम्या,

हे पत्र रजिस्टरने पाठवते आहे, म्हणजे वेळेत पोचेल. नीट वाच, यात तारीख आहे.

दहा दिवस झाले, अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. भांडत नाहीत, जेवण नाकारत नाहीत. वाढलेलं जेवतात. मीठ कमी असलं तर मागत नाहीत, काठी घेऊन स्वतः उठतात आणि डबा आणतात. मी आधीच पुढे ठेवलेला डबा सोडून दुसरा आणतात. तुझ्याशी सात वर्षं असे वागले, पण तू समोर नव्हतास. समोर असलेल्या माणसाशी असं वागताना त्यांनाही त्रास होतो, ते मला दिसतं. मी तक्रार करत नाहीये. तुझ्या वाट्याचं होतं ते खऱ्या पत्त्यावर आलं, एवढंच.

काल मी कारखान्यात असताना त्यांनी गाडी बाहेर काढली. किक कुणी मारून दिली ते कळलं नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला सांगत होता की अप्पा गल्लीच्या तोंडाशी आले, त्या खांबापाशी थांबले, हँडल पूर्ण वळवलं आणि इतक्या सावकाश वळले की मागे दोन रिक्षा आणि एक हातगाडी खोळंबली. कुणी हॉर्न वाजवला तर मागे न बघता हात वर केला, बसमधून करायचे तसा. तिथून ते बस स्टँडवर गेले आणि तिकीट काढून परत आले. मी संध्याकाळी पोचले तेव्हा गाडी जागेवर होती, इंजिन अजून कोमट होतं आणि तिकीट टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवलेलं होतं. मला दिसावं म्हणून ठेवलं होतं. सांगायचं नव्हतं, पण कळवायचं होतं.

एकच तिकीट आहे. तुझ्या गावाचं. गुरुवार, १२ मार्च. सकाळी सहाला इथून सुटते, संध्याकाळी साडेपाचला तिथे पोचते. साडेअकरा तास तो पाय सरळ ठेवून कसे बसणार, मला कळत नाही. मी मावशीमार्फत निरोप दिला की मी सोबत जाते, नुसती मागच्या सीटवर बसते, तिथे उतरणारही नाही. मावशीला त्यांनी सांगितलं, "तिला म्हणावं, तिचं काम तिने केलं. पुढचं माझं आहे."

तर आता तुझ्यासाठी सूचना. बसमधून ते उलटे उतरतात, आधी डावा पाय. त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहा आणि कोपराला धर. झटकतील, परत धर. गोळ्या शर्टच्या खिशात असतील, पांढरी जेवणाआधी, गुलाबी झोपताना. जमिनीवर बसवू नकोस, उठता येत नाही. जिना असेल तर घाई करू नकोस. काय बोलणार आहेत ते मला माहीत नाही, त्यांनाही अजून माहीत नसावं. सकाळपासून खोलीचं दार लावून पुटपुटत असतात. मी गेले की थांबतात.

आणि एक. काल रात्रीच्या जेवणाला ते दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. ताटात बघत विचारलं, "आता कसा दिसतो तो?" मला सांगता आलं नाही. मलाही माहीत नाही. माझ्याकडे तुझा आहे तो फोटो मिसरूड फुटल्याचा. ते म्हणाले, "मग मी ओळखणार कसा?" आणि मग जेवले नाहीत.

म्हणून, बस आली की लांब उभा राहून वाट बघत बसू नकोस. ते उतरतील, काठी टेकतील आणि तिथेच थांबतील. कुणाला विचारणार नाहीत. तू पुढे हो.

ताई